हेमंतला येणारी पत्रं

अंबरनाथ, २७ डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबांस, प्रभूच्या नावात सलाम.

मी मजेत आहे. आईच्या करंज्या पोचल्या. माझ्या खोलीत राहणाऱ्या हेमंतनेच अर्ध्या संपवल्या.

उल्हासनगरच्या तरुण संघात नाताळचा संदेशही यंदा त्यानेच दिला. ख्रिस्त बेथलेहेमातच जन्मणार, हे मीखा संदेष्ट्याने शेकडो वर्षं आधी कसं सांगितलं, ते त्याने इतकं छान उलगडलं की पाहुणी आलेली सिंधी पोरंही गप्प बसून ऐकत होती.

"कुणी शिकवलं रे?" सगळे विचारायला लागले.

"आपल्या सुहासच्या बाबांनी. चार-चार पानी पत्रं लिहितात मला."

टाळ्या वाजल्या. मी नाही वाजवल्या.

आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, मला तुमचं पोस्टकार्ड येतं: तब्येत सांभाळ, चर्च चुकवू नकोस. पाळकाच्या मुलाला बाकीचं ठाऊकच असणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण हेमंतने आधी मलाच विचारलं होतं. मला सांगता येईना, म्हणून तुमचा पत्ता दिला.

त्याला लिहिता तसं मलाही लिहा. अगदी पहिल्यापासून, मला काहीच माहीत नाही असं धरून.

वाट बघणारा तुमचा,
सुहास