माशीखालचा हात

ती. आई,

तुझ्या माशीवालीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, खोलीही उबदार आहे.

मावशीला सांग, मी इथे माशा मारत नाही, ओळखते. लोक फोटो पाठवतात. त्यातून दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढणाऱ्या माशा मी वेगळ्या काढते. सगळी ओळख पंखांच्या शिरांत असते, कुठली कशी वळते यात. आणि हे अकलेचे कांदे पंख सोडून बाकी सगळं टिपतात. काल एकाने नुसते डोळे पाठवले, जणू माशीला स्थळ बघायचंय. आमचे साहेब त्याहून थोर. रंग बघून नाव ठोकून देतात आणि चुकलं की फोटोला नावं ठेवतात.

दादाने पाठवलेला माशीचा फोटोही त्याच लायकीचा, पण नशिबाने एक पंख नीट आलाय. टोकाजवळची शीर झटकन वर वळली आहे. कोबीवर फवारणी करू नका. ही माशी अळ्यांवर अंडी घालते, तिची पिल्लं अळ्यांना आतून खाऊन संपवतात.

फोन केला की तू म्हणतेस, बाबा बागेत आहेत. पण फोटोत मेलेली माशी ज्या तळहातावर ठेवली आहे तो बाबांचा आहे. अंगठ्याचं चिरलेलं नख मी ओळखते. मनगटावर चिकटपट्टीखाली सलाइनची सुई आहे.

दादाला आपण काय टिपतोय ते कधी दिसलंय? पण तू तरी आई, मी फोटोत फक्त माशीच बघेन असं कसं धरून चाललीस?

बाबांना काय झालंय ते लिही.

तुझी,
माशीवाली