न काढलेला केर

व्होल्गाकाठ, फेब्रुवारी १९४३

प्रिय गोर्देय,

तू स्टालिनग्राडच्या लढाईवर गेलास, तेव्हापासून आईंनी घरात झाडू लावू दिला नाही. गेलेला माणूस पोहोचल्याचं कळण्याआधी केर काढला, तर त्याची परतीची वाटच झाडली जाते म्हणे. तुझी खुशाली कधी आलीच नाही. मी रोज भांडायचे.

"अहो आई, उकिरडा झालाय घराचा!"

"होऊ दे! तुला नवऱ्यापेक्षा जमीन प्यारी!"

हिवाळा लागताना तू लढाईत मारला गेल्याचा कागद आला. त्यांनी तो चुलीत घातला. "मेले कारकून, कुणालाही मारतात!"

आज चौकातल्या कर्ण्यावर सांगितलं, स्टालिनग्राडला जर्मन शरण आले. गल्ली नाचायला लागली. शेजारची ग्लाफिरा माझ्या गळ्यात पडून रडली. तिचा मुलगा जिवंत आहे.

घरी आले, तर आईंच्या हातात झाडू.

"लढाई संपली, सूनबाई. यायचे होते ते आता येतील," त्या म्हणाल्या. "काढू या केर."

दाराशी तू निघालास तेव्हाचा तुझ्या बुटांचा चिखल वाळून पडलाय. झाडू तिथवर आला आणि मी तो हिसकावून चुलीत घातला.

हे पत्र कुठे पाठवू?

केरातच बसलेली,
तुझी उस्तिन्या