फेडायला नको, जेवायला ये

जुन्नर, ४ ऑगस्ट २००३

ती. सौ. शीलाताईस,
हौशीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुरुंगातून सुटून जुन्नरला आलो, पण घाटघरच्या एसटीत पाय ठेवायचा धीर होत नाही. बाजारात एका पिठाच्या गिरणीत काम धरलंय. आपल्या वाडीतलं कुणी दिसलं की पोत्यांमागं लपतो.

काल वाडीतल्या गेणभाऊनं गाठलंच. म्हणाला, सोनीबाईचा निरोप हाय, एखाद्या रविवारी जेवायला ये. ताई, रानडुकरांसाठी मी तारेत करंट सोडला आणि तिचा नवरा भागू म्हैस शोधत येऊन त्या तारेलाच चिकटून गेला. ती मला जेवायला बोलावते? तिचा दीर चिमाजी त्याच घरात असतो. कोर्टाच्या दारात तो कानाशी येऊन म्हणाला होता, सुटशील तवा मी हायच. काय करू, कळव.

भाच्याला पापा. तुझी माया आटू देऊ नकोस.
हौशीराम

मंचर, ९ ऑगस्ट २००३

चि. हौशीराम यास,
अनेक आशीर्वाद.

यांनी पत्र वाचून दाखवलं आणि कणकेतला हात कणकेतच राहिला. जाऊ नकोस. हे म्हणतात, इकडं ये, कांद्याच्या वखारीत काम बघू. शौर्य विचारतो, मामा मांजराला भितो हे खरं का? मी म्हटलं, अजून भितो.

एक मात्र तुला सांगितलं नव्हतं. तू आत असताना मी सोनीबाईच्या पाया पडायला गेले होते. तिनं पडू दिलं नाही. म्हणाली, रोज प्रार्थनेला बसायची ती तुझ्या भावाला शाप द्यायलाच, पण तोंडातनं शब्द फुटंना. म्हणाली, मी लायक नसताना ज्या येशूनं मला माफ केलं, त्याच्याच पुढ्यात बसून हे कसं मागू? तिचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. भय वाटतं ते चिमाजीचं. तेव्हा माझं ऐक.

जपून राहा, आणि या बहिणीला विसरू नकोस.
शीला

वाडी, १८ ऑगस्ट २००३

ती. ताईस सा. न.

तुझं न ऐकता गेलो, आता वाडीतच राहिलोय, रागावू नकोस. चिमाजी अंगणात वैरण तोडत होता. मला बघून हात थांबला, कोयता मात्र खाली ठेवला नाही. मी सोनीबाईला म्हणालो, तुझं रान जन्मभर फुकट कसतो, तेवढं तरी फेडू दे. ती म्हणाली, फेडायला आला असशील तर माघारी जा. जेवायला आला असशील तर पाय धू.

मी पाय धुतले. जेवणाआधी तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात माझं नाव घेतलं. चिमाजी ताटावरनं उठून गेला.

ताई, तिनं कानफटात दिली असती तर बरं झालं असतं. आता जास्तच भीती वाटते. एवढं फुकट मिळालेलं घेऊन माणसानं जगायचं कसं?

तू तरी रागे भरत जा, म्हणजे बरं वाटेल.
हौशीराम

वाडी, २ नोव्हेंबर २००३

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आणि चिवडा पोचला. रविवारी चर्चला मागच्या बाकावर बसतो. गाणी येत नाहीत, पण कुणी उठवत नाही.

भात पिकलंय, डुकरं उतरायला लागलीत. जिथं तार दिसेल तिथं जाऊन सांगतो, काढा रं, माझ्या हातनं माणूस गेलंय. बदल्यात त्यांचं रान राखतो. हे सोनीबाईनं सांगितलं नाही, मलाच राहवत नाही. लोक शिव्या घालतात.

मग चिमाजीच्याच बांधावर नवी तार दिसली. बरेच दिवस वाट बदलून गेलो. शेवटी त्याच्यापुढं उभा राहून म्हणालो, तार काढ. तो म्हणाला, माझ्या भावाला मारणारा मला शिकवतो व्हय? मी म्हणालो, मीच शिकवणार. मी झालो तसा तू होऊ नको. त्यानं गचांडी धरली. वाटलं, संपलं. बराच वेळ तशीच धरून ठेवली, मग सोडली. म्हणाला, मग तूच राख. तार त्यानं माझ्यादेखत गुंडाळली.

आता रात्री राखणीला दोघं रानातल्या एकाच माळ्यावर असतो. मी जागतो ते डुकरांपेक्षा त्याला भिऊन. आज उजाडताना बघितलं, तर चिमाजी माझ्याकडं पाठ करून गाढ झोपला होता. मला खोकला आला होता, पण त्याची झोप मोडेल म्हणून उपरणं तोंडात कोंबून बसलो.

तुझा लोभ मागावा लागत नाही, तरी मागतो.
हौशीराम