तिसऱ्या पिस्टनची खूण

४ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईंची गाडी परत आली. इंजिन नव्याने बांधून दिल्याला जेमतेम तीन आठवडे झालेत! बाई म्हणाल्या, "सिग्नलला थांबले की मागचे लोक काचा वर करतात हो." निळा धूर. पांढरा असता तर पाणी म्हटलं असतं. निळा म्हणजे तेल जळतंय.

ताईने एक्झॉस्टच्या तोंडाशी बोट फिरवून हुंगलं. "पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर होऊ द्या." बाईंनी ऐकलं. ताईच्या शब्दावर सगळेच विश्वास ठेवतात.

१७ फेब्रुवारी

पाचशे झाले. धूर तसाच. लाज वाटली.

१८ फेब्रुवारी

सकाळी थंड इंजिन चालू केलं — धूर नाही. म्हणजे व्हॉल्व्हचे सील ठीक. चढावर जोर दिला की मात्र मागे निळा ढग! मी तेलवाल्याला शिव्या घातल्या, भेसळ करतो म्हणून. ताई हसली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. प्लग काढ."

पहिला, दुसरा, चौथा कोरडे. तिसरा तेलाने चिंब. प्रेशर चारही सिलिंडरांचं जवळपास सारखंच, तरी तिसऱ्यात तेल वर चढतंय. म्हणजे रिंग तुटलेली नाही, उलटी बसलीय. दुसऱ्या रिंगवर मोहरीहून लहान ठिपका असतो, तो वर हवा. डोळे चांगले असतील तर दिसतो.

पहिला आणि दुसरा पिस्टन माझा, तिसरा-चौथा ताईचा. आमची वाटणी नेहमीचीच. बाबांच्या वेळची पद्धत — बसवणाऱ्याने पिस्टनच्या आत सुईने खूण करायची. ताईच्या दोन रेघा, माझी फुली. पण ती बघायला इंजिन उघडावं लागतं. आणि इथे बघायचं काय? इंजिन बांधलं त्या दिवशी डोळे चुरचुरतात म्हणून ताई दुपारीच घरी गेली होती!

१९ फेब्रुवारी

दिवसभर तिच्याशी धड बोललो नाही. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. गॅरेज तिने चालवलं, मला पाना धरायला तिने शिकवलं. आता दोन वर्षं मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळतेय. "दिसतंय रे मला, तुझ्यापेक्षा जास्त," म्हणते.

गुपचूप रिंग फिरवून टाकावी का? पण उद्या कुणाच्या ब्रेकमध्ये असं झालं तर?

२० फेब्रुवारी

सांगितलं. चहा पिताना. "ताई, तिसरा तुझा होता."

वाटलं, भांडेल. ती कपात बघत राहिली. "असेल," म्हणाली. मग कप विसळून, "डोळ्यांचं करून टाकते आता. इंजिनाला हात नाही लावत." बाबांचा रिंग चढवायचा चिमटा फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. "सांभाळ."

मी घेतला. वर म्हणालो, "बरं झालं, तूच समजून घेतलंस."

२२ फेब्रुवारी

ताईने स्वतः नर्सबाईंना फोन केला. "चूक माझी आहे. आम्ही पुन्हा बांधून देतो." मी शेजारीच उभा होतो. तिची फार कीव आली. रडूच येत होतं.

२४ फेब्रुवारी

खुंटीवर ताईचा कामाचा डगला नाही. घरी नेला. खुंटीकडे बघवत नाही.

२५ फेब्रुवारी

एकट्याने इंजिन उघडलं. तिसरा पिस्टन बाहेर काढला. दुसरी रिंग उलटीच. निदान बरोबर! मग पिस्टन पालथा करून आत पाहिलं.

फुली.

आता आठवतंय. आम्ही आधी कडेचे दोन बसवतो, मग मधले. चौथा बसवून ताई घरी गेली. दुसऱ्यामागोमाग तिसराही मीच घाईत उरकला. मी विसरलो. ती विसरली नव्हती.

चौथाही काढला. दोन रेघा. ठिपका वर.