चाळून पाठवलेली माती

जुना जालना
५ जानेवारी २०२५

चि. राजानंद यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझा नकाशा मिळाला. दोन घरं आणि मध्ये एकच अंगण, हे फार आवडलं. लग्न होऊन शहागड सोडलं तेव्हापासून तुझ्या शेजारी राहायचं राहूनच गेलं होतं. मार्चअखेर खोल्या सोडते असं घरमालकाला सांगून मोकळी झाले आहे, तेव्हा आता कामात चेंगटपणा करू नकोस. फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि मी भलतीच उत्तरं देते, म्हणून पत्रानंच विचारत राहणार.

आपल्या अक्षतानं मात्र एक काम सांगितलंय. नात असली तरी कृषी महाविद्यालयात गेल्यापासून ती माझी शाळेतली बाई झाली आहे. ती म्हणते, घर बांधण्याआधी प्लॉटची माती तपासून घ्या. भिंतीपलीकडं भुजंगचं ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं ना, तिथं तो जुन्या प्लेटा वितळवून शिसं काढायचा आणि धुण्याचं पाणी आपल्या बाजूला फेकायचा. आपल्या वडिलांनी शेजारधर्म म्हणून कधी अडवलं नाही. ते शिसं मातीत राहतं म्हणे, आणि लहान मुलांच्या पोटात गेलं तर डोक्यावर परिणाम होतो. त्या अंगणात तुझी नात, सूरजची साक्षी, खेळायची आहे. तेव्हा चारी कोपऱ्यांची माती एकत्र करून भागवत कंडक्टरच्या हाती पाठव.

पत्राखाली वंदनासाठी जागा सोडत जा. तिच्या दोन ओळी नसल्या की तुझं पत्र अळणी लागतं.

तुमची आठवण काढणारी,
अक्का

शहागड
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
राजानंदचा सविनय जयभीम.

मातीत काही दोष नाही हे तुझ्या पत्रातून कळलं आणि जीव भांड्यात पडला. सूरजनं तर अक्षताला फोन करून भरपूर चिडवलं. दुसऱ्याच दिवशी मच्छिंद्र मिस्त्रीनं खोदकाम काढलं. काळी माती निघून मुरूम लागला आहे. पायाची माती मागायला येईल त्याला द्यायची ही आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. लोक घमेली घेऊन आले. झुंबरबाईनं अंगण सारवायला नेली. अंगणवाडीच्या मोनालीनं परसबागेसाठी ट्रॉलीभर नेली, त्यात पोरांच्या खिचडीसाठी पालक लावला आहे. उरलेल्या ढिगावर साक्षी रोज घसरगुंडी खेळते. संध्याकाळी तिला धुऊन काढताना वंदनाची दमछाक होते.

तुझ्या खोलीची खिडकी गोदावरीच्या बाजूला ठेवायला सांगितली आहे. उन्हाळ्यात पात्रात वाळूच दिसेल, पण वारा येईल. खाली वंदना लिहिते आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
राजानंद

अक्का, जयभीम. माती पास झाली म्हणून लई बरं वाटलं. पुडी मीच भरल्ती. हे समाजमंदिराच्या मिटिंगला गेल्ते, मला भरायला सांगितलं. प्लॉटवर नुसत्या काचा अन गुटख्याच्या पुड्या. असली घाण साहेब लोकांच्या हातात कशी द्यावी? मंग घरामागची, शेवग्याखालची काढली. दोनदा चाळली, उन्हात वाळवली. आपल्या गावाची माती हाय, चांगलीच दिसली पाहिजे न्हाई का. तुमच्यासाठी मिरच्या वाळत घातल्यात. जल्दी या.
तुमची वंदना

जुना जालना
१३ फेब्रुवारी २०२५

राजानंद,

सूरजचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र भागवतच्या हाती पाठवते. मिळताच काम बंद कर. जी माती तपासली ती प्लॉटची नव्हतीच. वंदनाच्या ओळी वाचल्या आणि आधी अक्षताला बोलावून घेतलं. साक्षीला त्या ढिगावर पाऊल टाकू देऊ नकोस. अक्षता रविवारी येऊन स्वतः माती काढणार आहे.

माती कुठली हवी होती हे स्पष्ट लिहिलं होतं. तपासायची माती कोणी चाळून, सजवून पाठवतं का? वंदनाला एवढीही अक्कल नसावी? सातवीपर्यंत शिकली ती काय नुसती सही करायला? पोरीचं काही बरंवाईट झालं तर तिला जन्मात माफ करणार नाही, हे तिला सांग.

अक्का

शहागड
१६ मार्च २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

अक्षतानं नेलेल्या मातीचा निकाल तुला तिच्याकडून कळला असेलच. शिसं मर्यादेच्या किती तरी पुढं आहे. तिथं घर होणार नाही. खिडकीची चौकट येऊन पडली होती, ती परत पाठवली.

गेले कितीक दिवस मी दिलेली माती परत मागत गावभर फिरतो आहे. लोकांना आधी थट्टा वाटली. सर्जेराव तर म्हणाला, मास्तर, मातीत सोनं निघालं का काय. मोनालीनं ऐकलं मात्र, सगळा पालक उपटला आणि खाली बसून राहिली. त्या पालकाची खिचडी पोरांनी दोनदा खाल्ली होती. झुंबरबाई आधी चिडली, दिलेली चीज कोणी वापस मागतं का म्हणाली. मग रांगता नातू दुसरीकडं बसवून तिनं स्वतःच विळ्यानं अंगण खरवडून दिलं. माती प्लॉटवर ताडपत्रीखाली आहे. अंगणवाडीच्या पोरांचं आणि साक्षीचं रक्त तपासायला दिलं आहे. साक्षीचा अहवाल अजून आलेला नाही.

तुझ्या मागच्या पत्राबद्दल लिहायला इतके दिवस हात धजला नाही. तुझं पत्र आलं की मी मोठ्यानं वाचतो आणि वंदना भाकरी थापता थापता ऐकते, हे तुला माहीत आहे. तेही मी तसंच वाचायला घेतलं. तिच्याबद्दलच्या ओळी आल्या तेव्हा थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघून गेल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. अक्का, माती भरायचं काम माझं होतं. मातीचं ते पत्र मात्र मी एकट्यानंच वाचलं होतं, तिला वाचून दाखवलं नव्हतं. मिटिंगच्या घाईत मी तिला फक्त तपासायला माती भरून दे म्हणालो, कशासाठी आणि नेमकी कुठली ते सांगितलं नाही. बोल माझ्या वाट्याचे होते, ते तिनं घेतले.

तेव्हापासून ती रोज सकाळी शेवग्याखालची माती काढते, चाळते आणि घमेल्यानं अंगणवाडीत नेऊन टाकते. मोनाली म्हणते, वाफा भरून गेला, आता पुरे. तरी ती नेतेच आहे. झाडाखाली आता खड्डा पडला आहे.

खोल्या सोडल्यास की राहायला इकडेच ये. तुझ्यासाठी मागची खोली तिनंच सारवून ठेवली. तुझ्या मिरच्याही डब्यात भरून ठेवल्या आहेत.

थोरल्या बहिणीची माया पूर्वीसारखीच असू दे, आम्हा दोघांवर.

तुझा,
राजानंद

ता. क. नेहमीसारखी खाली जागा सोडून कागद वंदनापुढं ठेवला होता. तिनं सगळं वाचलं, घडी घातली आणि परत दिला. जागा तशीच ठेवून पाठवतो आहे.