चौतीसची पँट

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्लंबर! मला!

आपल्याच कॉम्प्लेक्सच्या गेटवर, बिल्डरच्या ऑफिसच्या काचेच्या दारात. वॉचमन नवा आहे. "पाइपवाला ना? मागून जा, साहेब बसलेत." दोन वर्षं राहतो मी इथे, वांगणीत, ए विंग, चौथा मजला. हातात लिफ्टच्या अर्जाची सहावी प्रत. आणि मी काय केलं? गेलो की मागून! मागे कोणीच नव्हतं, नुसते रंगाचे डबे. तसाच घरी आलो.

आईला सांगितलं, साहेब भेटले नाहीत. ती खिडकीत बसून खाली बघत होती. "ऱ्हाऊ दे रं, इथनंबी दिसतंय समदं." तिचे गुडघे गेलेत. चौदा महिने झाले, ती जमिनीवर उतरलेली नाही. लिफ्टच्या दाराला अजून प्लायवूड ठोकलेलं आहे. लाज वाटते मला तिच्यासमोर बसायची.

५ नोव्हेंबर

तेजल म्हणते, वॉचमनचं काय चुकलं? "आरशात बघा एकदा."

बघितलं. कंपनीची राखाडी पँट, वर सिमेंटवाल्याने फुकट वाटलेला टी-शर्ट, पायात स्लीपर. मी असतो तर मीही मला मागून पाठवलं असतं.

७ नोव्हेंबर

तेजलने तिच्या भावाला बोलावून घेतलं. अभिजीत उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात जेन्ट्सच्या दुकानात सेल्समन आहे. आल्या आल्या माझं कपाट पलंगावर पालथं केलं. कंपनीच्या पँटी सहा. फुकटचे टी-शर्ट अकरा — सिमेंट, मोबाइलचं दुकान, दोन पक्षांचे (एकमेकांच्या विरोधातले!). लग्नांत आहेर म्हणून आलेले शर्टपीस नऊ, एकही शिवलेला नाही.

"दाजी, ये क्या है? आयुष्यात एक तरी कपडा स्वतः जाऊन घेतलाय का तुम्ही?"

लग्नातला सूट म्हणणार होतो. तो भाड्याचा होता.

मग तासभर लेक्चर. विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी, खाली दंडावर लोंबली की शर्ट दुसऱ्याचा वाटतो. पट्टा आणि बूट एका रंगाचे. पँट बुटावर एकदाच मोडायला हवी, तीन वळकट्या नकोत. वरच्या खिशात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. (माझ्या खिशातून चष्मा, दोन पेनं, रेल्वेचा पास, गेटपास आणि बडीशेपेची पुडी निघाली. त्याने ते सगळं पलंगावर ओळीने मांडलं.) चार कपडे असू देत, पण इस्त्रीचे.

"और सबसे बड़ी बात, दाजी. माप आजच्या अंगाचं घ्यायचं. जुन्या अंगाचं नाही."

मला शिकवतो! ह्याला मी हाफ चड्डीत शेंबूड ओढताना पाहिलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

त्याच्या दुकानात जाऊन आलो. त्याने टेप लावली. छत्तीस.

मी म्हटलं, "चौतीस काढ. लग्नापासून चौतीस आहे मी."

गल्ल्यावरचे शेठ हसले. "साईं, ज़रा पेट से भी पूछ लो."

आता तर छत्तीस घेणारच नव्हतो. ट्रायल रूममध्ये पोट आत ओढलं, बटण लागलं, बाहेर आलो. अभिजीत म्हणाला, "दाजी, श्वास घ्या." म्हटलं, "घेतो नंतर." गडद निळी पँट, पांढरा शर्ट, काळा पट्टा, काळे बूट. मोजेसुद्धा नवे!

घरी सगळं घालून आईपुढे उभा राहिलो. तिने खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "साहेब दिसतुयास रं. पर दम का धरलायस?"

११ नोव्हेंबर, मंगळवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो! सगळं क्रमाने लिहितो.

दहा वाजता गेलो. तोच वॉचमन. उठून उभा राहिला, दार उघडून म्हणाला, "या साहेब." समोरच्या दारातून! मॅनेजर भावेश हात पुढे करत आला, मला एका खोल सोफ्याकडे नेलं. "बसा ना, बसा."

बसलो. आणि टर्र!

मागची शिवण. पट्ट्यापासून पार खालपर्यंत. एसीची हवा कुठे कुठे लागते ते मला आज कळलं.

भावेशचं नेहमीचं सुरू झालं. "काम चालूच आहे, एक परमिशन राहिलीय, तुम्ही असं करा, पुढच्या आठवड्यात या." ह्या वाक्याला मी दर वेळी उठतो. पाच वेळा उठलोय. आज उठू कसा?

"बसतो मी," म्हटलं.

"अहो, पण आज काही होणार नाही."

"हरकत नाही. बसतो."

तो जेवून आला, मी तिथेच. त्याने चहा मागवला, मी प्यायलो. घाम फुटला होता, पण चेहरा मख्ख ठेवला. एकच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरची मनाली काचेतून डोकावली. "महेशदादा, काय झालं?"

"लिफ्टची तारीख लेखी मिळाल्याशिवाय उठणार नाही." कुठून आलं तोंडात, देव जाणे!

ती येऊन शेजारी बसली. तिने फोन केला, तिची सासू आली. मग तिसऱ्या मजल्यावरचा सोमा, रात्रपाळी करून झोपलेला, तसाच लुंगीवर आला. चार वाजेपर्यंत आम्ही बावीस जण! सोफे संपले, माणसं फरशीवर. कोणीतरी भेळ आणली. सॅम्पल फ्लॅट बघायला बदलापूरहून एक कुटुंब आलं होतं. त्यांनी दारातून विचारलं, "हे सगळे कोण?" सोमा म्हणाला, "आधी घेतलेले." ते बूट न काढताच परत गेले.

तिथे भावेश ढिला पडला. लेटरहेड, सही, शिक्का. पाच डिसेंबर!

टाळ्या वाजल्या, सगळे उठले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी पाणी पिऊन येतो." मग दोन्ही हातांनी फाइल मागे धरून, पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखा हळूहळू चालत घरी आलो. चार जिने चढलो. एकदाही धाप लागली नाही!

१२ नोव्हेंबर

बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज — "महेशदादा सहा तास उठलेच नाहीत!!" खाली एकतीस नमस्कार.

खरं सांगून टाकावं का? उद्या बघू.

१५ नोव्हेंबर

आईला पँट सापडली. गादीखाली कोंबली होती मी. "कवा फाटली ही?" सांगावं लागलं. आधी तिला कळेना, मग कळलं, आणि अशी हसली की तेजल आतून पाणी घेऊन धावली. किती दिवसांनी अशी हसली!

"कुणाला सांगू नकोस हं."

"न्हाई रं. कुणाला सांगू? मी कुठं खाली जातीय?"

मग तिने सुई ओवून घेतली आणि दुहेरी टाके घातले.

२६ नोव्हेंबर

प्लायवूड काढलं. आत दोन माणसं काम करताहेत. कामावर निघताना पाच मिनिटं नुसता बघत उभा होतो.

५ डिसेंबर

लिफ्ट नाही. तपासणी राहिलीय म्हणे. तडक ऑफिसात गेलो. भावेशने मला दारात पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासमोरच फोन लावला. "सोमवारी, दादा. आईशप्पथ सोमवारी." बसायची वेळच आली नाही!

८ डिसेंबर, सोमवार

आई खाली उतरली!

सकाळपासून तयार होती. हिरवं लुगडं, केसांना तेल. लिफ्टमध्ये माझी बाही घट्ट धरली, इस्त्री गेली, जाऊ दे. खाली दार उघडलं. पेव्हर ब्लॉक संपतात तिथे, कडुलिंबाजवळ, तिने चपला काढल्या आणि मातीत पाय ठेवून उभी राहिली. मला आवरलं नाही, सगळ्यांसमोर रडलो. मनालीच्या सासूने तिला बाकावर बसवलं. आई दोन तास वर यायला तयार नव्हती.

९ डिसेंबर

सत्यानाश!

त्या दोन तासांत तिने सगळ्या बायकांना पँटीची गोष्ट सांगितली. हातवारे करून! ग्रुपवर सत्तेचाळीस हसरे चेहरे. सोमाने विचारलंय, "दादा, हवा कशी होती?" आईला जाब विचारला, तर म्हणते, "आता जातीय की मी खाली."

आज तीन वेळा गेली.

११ डिसेंबर

बी विंगचे तिघे आले होते. त्यांचीही लिफ्ट बंद आहे, एक म्हातारे गृहस्थ आठ महिने घरात. पँटीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली. तरी म्हणाले, "दादा, उद्या आमच्याबरोबर बसाल का?"

मी छत्तीसची पँट घेऊन आलोय. घालून दहा वेळा बसलो, दहा वेळा उठलो. काही फाटत नाही, आरामात उठता येतं.

उद्या उठणार नाही.