पेपरचं मी बघतो

सर,

तुमच्या फोटोला हार घालायचं काम कॉलेजनं माझ्याकडं दिलंय. दर वर्षी तुमच्या नावानं कबड्डीच्या स्पर्धा होतात, मंडप पडतो, संस्थेची माणसं खुर्च्या धरून बसतात आणि ज्यानं जन्मात कधी अंगाला माती लावली नाही असा कुणीतरी, तुम्ही किती पोरं घडवली यावर अर्धा तास बोलतो. मी मंडपाच्या बांबूला टेकून ऐकतो. त्या घडवलेल्या पोरांतलं एक इथंच उभं आहे, शिपायाच्या कपड्यात, हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन, हे त्या वक्त्याला कुणी सांगत नाही. सांगितलं तरी तो टाळ्याच वाजवील. हार मात्र मी नीट घालतो. नोकरी आहे.

मी औंढ्याच्या पलीकडच्या खेड्यातला, मेंढरांमागं वाढलेला. जत्रेतल्या सामन्यात तुम्ही मला पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर बसवून तुमच्या घरी आणलं. तो स्वयंपाकघरातला दिवस मला लख्ख दिसतो. काकू भाकरी थापतायत, मी भिंतीला पाठ लावून चौथी भाकर खातोय, आणि तुम्ही पाटावर कागद ठेवून माझा बी.ए. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरताय. माझं नाव, गाव, जात, सगळं मला विचारून तुम्हीच लिहिताय, कारण माझ्या अक्षराची मला लाज वाटते. सही करायच्या आधी मी म्हणालो, "सर, इंग्रजी मला जमत न्हाई." तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "तुला इंग्रजी बोलाय कोण सांगून राहिलंय? तू चढाई कर. पेपरचं मी बघतो." काकू हसल्या, तुम्ही हसलात, आणि सगळ्यात जास्त मी हसलो. निघताना तुम्ही मला निळ्या नी-कॅपची जोडी दिलीत, कोरी, पिशवीतली. आमच्या घरात तोवर कुणाच्या गुडघ्याची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

पेपरचं तुम्ही काय बघितलंत ते निकालात दिसलं. निम्म्याहून जास्त विषय गेले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत आपण विद्यापीठाच्या स्पर्धेत होतो. तिथं ढाल जिंकली, ती अजून प्राचार्यांच्या कपाटात आहे आणि तिच्यावरची धूळ मी पुसतो. नापास झालेल्याला संघात घेता येत नाही म्हणून मी पिशवी भरून गावी निघालो, तर तुम्ही स्टँडवर येऊन मला अडवलंत. "बाद झालेला गडी मेलेला नसतो रे, भाईर बसलेला असतो," म्हणालात. मोठं वाक्य टाकायची तुम्हाला हौसच होती. मग कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला नवा फॉर्म भरला की मी कागदावर नवा विद्यार्थी, आणि नवा विद्यार्थी खेळायला मोकळा, ही तुमची शाळा मला तिथंच स्टँडवर चहा पाजून समजावलीत. कॉमर्सचे तास कुठल्या इमारतीत होतात हे मला पेपरच्या दिवशी कळलं. बाकी काय कळणार होतं?

असा मी चार वर्षं पहिल्या वर्षात होतो. माझे खेळातले जुने फोटो बघा, दोन्ही बाजूची पोरं बदलत जातात आणि मधोमध मी आहे तसाच. माझ्याबरोबरचा डाव्या कोपऱ्यातला पोरगा मास्तर झाला, दुसरा तलाठी झाला. माझ्या बापाला एकदा गावात कुणीतरी विचारलं, पोरगं काय करून राहिलं? बाप म्हणाला, "कॉलेजात हाय, पयल्या वर्षाला." तो माणूस म्हणाला, "मागल्या साली बी पयल्यालाच व्हतं की." बापानं मला ते सांगितलं तेव्हा तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. शाळेत एका वर्गात दोनदा बसलं की बाप झोडतो आणि कॉलेजात चारदा बसलं की गळ्यात हार पडतो, हे त्या मेंढपाळाला कसं सांगायचं? मग गुडघा गेला, वय गेलं आणि उरली ही शिपायाची जागा. तीही तुम्ही रिटायर व्हायच्या आधी संस्थेत शब्द टाकून मिळवून दिलेली. लोक म्हणतात, सरांचे उपकार. मी मान डोलावतो. ज्यानं विहिरीत ढकललं त्यानंच दोर टाकला तर त्याला देव म्हणायची आपल्याकडं रीत आहे.

हे सगळं आज काढायचं कारण एक पोरगी आहे. आता तुमच्या खुर्चीवर एक तरणे सर बसतात. हातात घड्याळ असं की त्यांचीच पावलं मोजतं, आणि खोटं बोलायची पद्धत तुमचीच, फक्त त्यांना भाकरी खाऊ घालायचा धीर नाही. मुलींच्या संघातली आपली रेडर, चढाई करणारी, गेल्या परीक्षेत तीन विषयांत गेली. अंतर्गत चाचण्या होत्या तेव्हा ती यांच्याच सराव शिबिरात होती. संघातून नाव कमी झालं, ती कॉलेज सोडून घरी गेली. चांगली रेडर आहे. बोनसचा गुण घेताना तिचा मागचा पाय कुठं असतो ते मला अजून नीट कळलेलं नाही. स्पर्धा जवळ आल्या तेव्हा सरांनी मला बोलावून कोरा फॉर्म हातात दिला आणि म्हणाले, "मामा, तुम्ही जा. तिच्या घरची माणसं तुमच्यासारखीच आहेत, तुमचं ऐकतील. कॉमर्स फर्स्टला टाकू तिला. सही घेऊन या." मी विचारलं, आणि परीक्षा? ते म्हणाले, "ते बघू नंतर." निदान तुम्ही 'बघतो' म्हणायचात.

तिचं घर हट्टा गावाच्या अलीकडं, शेताला लागून. मी पोचलो तेव्हा ती शेळ्यांना पाला टाकत होती. मला बघून तिनं हात ओढणीला पुसले आणि पाणीसुद्धा न विचारता म्हणाली, "मामा, फॉर्म आनलाव का?" तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. तिनं हात पुढंही केले होते. आई आतून आली. ती म्हणाली, "खेळाचं आमाला कळत न्हाई भाऊ. ती पास व्हईल का, येवढं सांगा. औंदा नापास झाली तर तिचे वडील ठिवत न्हाईत, सोयरीक बघून ठिवलीय." पोरगी आईला गप्प करायला गेली. म्हणाली, "पेपरचं सर बघतेत की, व्हय ना मामा?"

फॉर्म माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. मी बाजेवर बसलो आणि तुमची गोष्ट सांगितली. स्वयंपाकघर सांगितलं, नी-कॅप सांगितल्या, स्टँडवरचा चहा सांगितला, बापाचं सांगितलं. ती म्हणाली, "चार डाव पयल्यात? मंग तुमी काहून गेलाव दर साली?" मी म्हणालो, "सरांनी नेलं. पोरगं काय करंल, मोठा मानूस बोलवायला आला तर?" तिनं उरलेला पाला शेळीपुढं टाकला. मग म्हणाली, "लई हलकट मानूस व्हता की तुमचा सर." मी म्हणालो, व्हय.

तिनं फॉर्म मागितला नाही. आता ती राहिलेल्या तीन विषयांना बसणार आहे. यंदाचा हंगाम गेला, पास झाली तर पुढच्या वर्षी संघात येईल, उजळ माथ्यानं. वडिलांनी परीक्षेपर्यंत मुदत दिली आहे. रोज सकाळच्या एसटीनं येते आणि वाचनालयात बसते, आणि संघ मॅटवर उतरला की खिडकी लावून घेते. तरणे सर मला म्हणाले, "एक सही आणता येत नाही तुम्हाला?" मी म्हणालो, न्हाई आली सर. त्यांनी पुढं फार ताणलं नाही. त्यांना दुसरी रेडर मिळाली.

पण सर, आपल्या दोघांत तिसरं कुणी नाही म्हणून लिहितो. तुम्ही नेलंत ते दोनदाच. तिसऱ्या वर्षी मी स्वतः तुमच्या दारात आलो होतो, फॉर्म घेऊन. तुम्ही तेव्हा बदलला होतात, का ते मी विचारलं नाही. काकू त्याच चुलीपाशी होत्या. तुम्ही फॉर्म परत माझ्या हातात दिलात, वर इंग्रजीचं एक गाइड ठेवलंत आणि म्हणालात, "माझं चुकलं. औंदा खेळू नको. पेपर दे. रोज संध्याकाळी इथं ये, मी बसतो तुझ्यासंगं." मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला रेडर सापडला. मी गाइड तिथंच उंबऱ्यावर ठेवलं आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात जाऊन नाव घातलं, तिसऱ्या वर्षीही आणि चौथ्याही. आपल्याच संघाविरुद्ध खेळलो, हरवलं तुम्हाला. सामना संपल्यावर तुम्ही मैदानात येऊन माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि हळूच विचारलंत, पेपरचं काय? मी सगळ्या पोरांसमोर मोठ्यानं म्हणालो, "पेपरचं मी बघतो, सर." पोरं हसली. तुम्ही हात काढून घेतलात. त्यानंतर तुम्ही मला कधी रागावला नाहीत, नोकरीसाठी शब्द टाकलात आणि वारलात.

ही दोन वर्षं मी तिला सांगितली नाहीत. सांगितली असती तर तिनं फॉर्म मागून घेतला असता, कारण मला तेव्हा वाटलं तसंच तिलाही वाटलं असतं की बुडणारे दुसरे, मूर्ख, आपण शहाण्या, आपण खेळून पासही होऊ. तिला रागवायला एक माणूस हवा होता, तर मी तुम्हाला पुढं केलं. पहिल्या दोन वर्षांसाठी तुम्ही त्या शिवीला पात्र आहातच, ती मी मागं घेत नाही. उरलेली दोन वर्षंही तुमच्याच माथी मारली आहेत आणि तिचा निकाल लागेपर्यंत ती तिथंच राहतील. पुढंही मी ती उतरवीन असं वाटत नाही.

उद्यापासून तुमच्या स्पर्धा आहेत. आज दुपारी हार आणून ओल्या फडक्यात गुंडाळत होतो तर ती वाचनालयातून बाहेर आली. बघून म्हणाली, "मामा, त्यानं तुमचं येवढं वाटोळं केलं, तरी हार तुमीच काहून घालता?" मी म्हणालो, नोकरी हाय बाई माझी. तेही खोटंच सांगितलं.